‘आजोबा लेडीज पर्सा जुळवतात’ म्हणून नातू हसतो, खेळ बंद करू का?

*ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ६७. सांगलीच्या कापड पेठेत एका दुकानात काउंटरवर उभं राहून सगळी नोकरी झाली. मिरजेत मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहतो. दीड वर्षापूर्वी आमची मंडळी गेली. मुलीने पुण्याहून पेपर वाचायला म्हणून तिचा जुना लॅपटॉप पाठवला. त्यावर एकदा एक खेळ उघडला आणि त्याचा नाद लागला. ठोकळ्यांचा ढीग असतो, प्रत्येकावर दुकानातली वस्तू. पर्स, उंच टाचेची चप्पल, अत्तराची बाटली, लिपस्टिक, गॉगल. सारख्या दोन वस्तूंवर क्लिक केलं की त्या नाहीशा होतात. पण ज्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे जागा मोकळी आहे आणि वर काही नाही, तोच ठोकळा उचलता येतो. दुपारी बसायचो, हल्ली रात्रीही बसतो आणि एक-सव्वा वाजतो. नातू हसतो. मुलगा म्हणतो, मेंदू सडेल. कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, उलट खेळ, विसरायला होत नाही. माझ्या थोरल्या भावाला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, त्यामुळे मला त्याची धास्ती आहे. ढीग मध्येच अडकतो, जोडी सापडत नाही, तेव्हा वाटतं, माझीही सुरुवात झाली की काय. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. टीव्ही मोठ्याने लावतो म्हणून घरात कुरकुर असते. आणखी एक, हे घरी सांगितलेलं नाही. खेळताना ‘कूपन जिंकलात’ अशी खिडकी आली. मी मोबाइल नंबर टाकला, आलेला ओटीपीही टाकला. तेव्हापासून मोबाइलच्या बॅलन्समधून रोज थोडे पैसे जातात. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असंही सारखं येतं. खेळ बंद करू का?*
*– एक वाचक, मिरज*

काका, सप्रेम नमस्कार.

खेळ बंद करू नका. पैसे जाणं मात्र आजच्या आज थांबवायचं आणि रात्रीचं बसणं या आठवड्यात. बाकीचं सावकाश बोलू.

आधी पैशांचं. त्या खिडकीत नंबर आणि ओटीपी टाकल्यावर बहुधा तुमच्या मोबाइलवर कसली तरी रोज पैसे कापणारी सेवा सुरू झाली आहे. कूपन वगैरे काही नव्हतं, ओटीपी हीच तुमची संमती धरली गेली. अशा सेवा बंद करण्यासाठी सगळ्या मोबाइल कंपन्यांना मिळून एकच टोल-फ्री क्रमांक आहे, १५५२२३. ज्या मोबाइलचे पैसे जातात त्यावरूनच फोन लावा आणि चालू असलेल्या सेवा बंद करून घ्या. मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून विचारा, माझ्या नंबरवर कुठल्या सेवा आहेत, कधीपासून आहेत, पैसे परत मिळतील का. तक्रार क्रमांक मागा आणि लिहून ठेवा. फोनवर यूपीआय वापरत असाल तर त्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा भाग असतो. आपण न दिलेली परवानगी तिथे दिसली तर तीही रद्द करा. बँकेच्या खात्यातून पैसे गेलेले आढळले तर वेळ न घालवता १९३० वर सायबर तक्रार करायची आणि बँकेलाही कळवायचं. तुमच्या पत्रावरून तरी गोष्ट तिथवर गेलेली दिसत नाही.

आता तो व्हायरस. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये असण्यापेक्षा नुसत्या त्या पाटीवरच असण्याची शक्यता जास्त. कधीतरी एखाद्या पानाने ‘नोटिफिकेशन दाखवू का?’ असं विचारलं असेल आणि खेळायच्या घाईत तुमचं बोट ‘अलाऊ’वर पडलं असेल. तेव्हापासून ते पान ब्राउझरमार्फत कोपऱ्यात हव्या त्या पाट्या लावतंय. त्या पाटीवर क्लिक करायचं नाही, तिच्यातल्या नंबरला फोन करायचा नाही आणि ती सांगेल ते काही उतरवूनही घ्यायचं नाही. क्रोम वापरत असाल तर वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्जमध्ये जा, तिथे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. काही दिसतच नसेल तर मुलीला व्हिडिओ कॉल करा, तिला पाच मिनिटं लागतील. तिलाच सांगून जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, तेही टाकून घ्या. सगळं करूनही पाटी येतच राहिली, तर लॅपटॉप एकदा माहितगार माणसाला दाखवा.

यात तुम्हाला ओशाळं वाटण्यासारखं काही नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. ही फसवाफसवी इतकी नेहमीची झाली आहे की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तिच्याविरुद्ध नियम काढले. इंटरनेटवर गिऱ्हाइकाला गोंधळात टाकण्याच्या १३ तऱ्हा त्यात नावानिशी दिल्या आहेत, त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. खोटी घाई लावणं, जाहिरात आहे हे लपवणं, एकदा आत घेतल्यावर बाहेर पडायची वाट अवघड करणं, आणि तुमच्याकडे येतो तसा व्हायरसचा खोटा बागुलबुवा. सगळं त्या यादीत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जरूर नोंदवा, कारण तुमच्यासारख्याच कितीतरी जणांचे रोज चार-पाच रुपये असेच जात असतील आणि रक्कम लहान म्हणून कोणी बोलत नसेल.

तुम्ही आयुष्यभर दुकानात उभे राहिलात, म्हणून या खेळाचा व्यवहारही सांगते. तुम्ही खेळायचे पैसे देत नाही, म्हणजे ते दुसरं कोणीतरी देतं, आणि तो जाहिरातवाला. तुम्ही पानावर जितका वेळ थांबाल तितक्या जाहिराती तुमच्यापुढून जातात. ठोकळ्यांवरच्या पर्सा खोट्या असल्या, तरी ढिगाच्या भोवतीची दुकानं खरी आहेत. सरळ जाहिरातींना माझी ना नाही, पेपरातही त्या असतातच. पण त्याच रांगेत ‘कूपन जिंकलात’वालेही शिरतात. म्हणून एक नियम पक्का करा. क्लिक करायचं ते ढिगावर. ढिगाबाहेरचं काहीही, मग ते बक्षीस असो की इशारा, फुलीवर क्लिक करून बंद करायचं. फुली सापडली नाही तर तो टॅबच बंद. खेळ गेला तरी चालेल, दुसरा डाव लगेच मिळतो. आणि पैसे लावा, जिंका असं कुठे दिसलं तर तिथून उठायचं. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. तुमच्या खेळात पैसे लावायचे नसतात, तो त्यात येत नाही.

आता तुमची खरी धास्ती. ढीग अडकतो तो तुमचा मेंदू अडकतो म्हणून, असं तुम्हाला वाटतंय. हे वाटणं चुकीचं आहे आणि का ते सांगते.

तुम्ही खेळता तो माहजाँगच्या ठोकळ्यांचा एकट्याने खेळायचा डाव आहे. चीनमधला मूळ माहजाँग चौघं समोरासमोर बसून खेळतात आणि त्याचे नियम पार वेगळे. ढीग रचून जोड्या काढायचा हा प्रकार कॉम्प्युटरवर आणला ब्रॉडी लॉकार्ड या अमेरिकन माणसाने. तो स्टॅनफर्ड विद्यापीठात जिम्नॅस्टिक्स करायचा. १९७९ साली ट्रॅम्पोलिनवर अपघात झाला आणि मानेखालचं शरीर निकामी झालं. तोंडात काठी धरून तिने कळा दाबत त्याने १९८१ मध्ये प्लेटो नावाच्या संगणकव्यवस्थेवर हा खेळ लिहिला. पुढे १९८६ मध्ये ‘शांघाय’ नावाने तो बाजारात आला आणि घरोघरच्या कॉम्प्युटरवर पोचला. पारंपरिक संचात १४४ ठोकळे असतात, बहुतेक चित्रं चार-चार वेळा. चित्रं मागाहून लोकांनी हवी तशी बदलली. कोणी फळं घातली, कोणी फुलपाखरं, तुमच्या पानवाल्याने पर्सा आणि लिपस्टिक. नियम तेच राहिले.

नातू हसला की त्याला ही गोष्ट सांगा. हात न हलवता येणाऱ्या माणसाने हा खेळ उभा केला, हे ऐकल्यावर पर्सांचं चित्र त्याच्या लक्षातही राहणार नाही. आणि मला विचाराल तर बायकांच्या वस्तू जुळवण्यात लाजण्यासारखं काय आहे? ज्या माणसाने इतकी वर्षं साड्यांचे रंग जुळवून दिले, त्याची नजर पर्सच्या पट्ट्यावर बरोबर जाते, हे तर चांगलंच आहे.

तर डाव का अडकतो? एक म्हणजे, ठोकळे नुसते पिसून मांडले असतील तर काही ढीग असे पडतात की कोणीही, कसंही खेळलं तरी ते रिकामे होत नाहीत. एक साधं उदाहरण घ्या. एकाच चित्राचे चारही ठोकळे एकाच थप्पीत एकावर एक पडले, तर वरचा काढायला जोडीदार हवा आणि जोडीदार त्याच्याच खाली दबलेला. ही थप्पी जन्मात सुटणार नाही. काही खेळांत कॉम्प्युटर आधी सुटलेला डाव धरून उलट्या क्रमाने जोड्या मांडत जातो, म्हणजे सुटायची निदान एक वाट नक्की असते. पण ती वाट तुम्हाला दिसत नाही, कारण खालचे ठोकळे झाकलेले असतात. तीन सारख्या पर्सा उघड्या दिसतात, तुम्ही दोन उचलता, आणि चौथी नेमकी तिसरीच्या खाली निघते. यात बुद्धीचा दोष नाही. सगळे ठोकळे उघडे दाखवले तरी मोठा ढीग सुटेल की नाही हे ठरवणं कॉम्प्युटरलासुद्धा जड जातं, आणि त्यासाठी झटपट अशी खात्रीची रीत अजून कोणाला सापडलेली नाही. उरलेले ठोकळे पुन्हा पिसून देणारं ‘शफल’ हे बटण याच कारणासाठी ठेवलेलं असतं. ते बिनदिक्कत वापरा.

थोडं हातचं सांगते, उपयोगी पडेल. एका चित्राचे चारही ठोकळे मोकळे दिसले की चारही काढून टाका, त्यात काही गमवायचं नसतं. तीन दिसले तर थांबा आणि कोणते दोन काढल्याने खालचे जास्त ठोकळे मोकळे होतात ते पाहा. दोनच दिसले आणि ते काढून काहीच उघडणार नसेल, तर ती जोडी राखून ठेवा. कडेचे सुटे ठोकळे भराभर उचलण्याचा मोह होतो, पण डाव अडतो तो मधल्या उंच थप्पीत आणि लांब आडव्या रांगांत, तेव्हा आधी त्यांना हात घालायचा. कापडाच्या थप्पीतून मधलाच तागा ओढला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि घड्याळ लावलेला डाव घेऊ नका. बिनघड्याळाचा प्रकार बहुतेक ठिकाणी असतो. घड्याळ तुमचा विचार तोडतं आणि हरल्यावर उगाच स्वतःवर शंका आणतं.

मेंदू सडतो की तल्लख होतो? मुलगा आणि कट्ट्यावरची मंडळी, दोघांचंही मला पटत नाही. अशा खेळाने मेंदू सडतो याला आधार नाही. पण त्याने स्मृतिभ्रंश टळतो, यालाही पुरावा नाही. मेंदूचे व्यायाम म्हणून खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटी या प्रसिद्ध कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमका हाच आक्षेप घेतला होता. म्हातारपणची विस्मृती लांबवतो असं सांगता, पण पुरावा कुठे आहे? जानेवारी २०१६ मध्ये त्या कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ठोकळे जुळवण्याचा सराव केला की माणूस मुख्यतः ठोकळे जुळवण्यात पटाईत होतो. करमणूक म्हणून तेवढं पुरे आहे. औषध म्हणून खेळायचं कारण नाही.

तुमच्या पत्रात मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच दोन वाक्यांची. एक टीव्हीच्या आवाजाचं आणि एक सव्वा वाजण्याचं.

ऐकू कमी येणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आता बराच स्पष्ट झाला आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या आणि ज्यावर आपण काही करू शकतो अशा १४ गोष्टींची यादी दिली. कमी ऐकू येणं त्यात वरच्या गोष्टींपैकी आहे. उपचार न केलेली अधू दृष्टी आहे, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, बसून राहणं आणि एकटेपणाही आहे. टीव्ही मोठा लागतो म्हणजे तुमचे कान तपासायला हवेत. मिरजेत डॉक्टरांची वाण नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऐकण्याची चाचणी करून घ्या. यंत्र लावायला सांगितलं तर लावा, चष्म्यासारखंच ते. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतो, घरात असून एकटा होतो, आणि मग त्याला बिनबोलता खेळायचा खेळ सोयीचा वाटू लागतो. तुमचं तसं होतंय का, ते तुमचं तुम्ही पाहा.

आणि झोप. रात्री सव्वा वाजता झोपणारा आणि सवयीने पहाटे उठणारा माणूस दुसऱ्या दिवशी चष्मा कुठे ठेवला ते विसरणारच. झोप कमी झाली की लक्ष राहत नाही, आणि ठेवताना लक्ष नसेल तर नंतर आठवणार कुठून? मला वाटतं, तुमच्या विसरण्याचा बराच भाग इथे आहे. आधी चार-सहा आठवडे झोप नीट करून पाहा. चष्मा-किल्ल्या हरवणं वेगळं, आणि ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचा हिशोब न जमणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं काही घरच्यांच्या लक्षात आलं, किंवा झोप सुधारूनही विसरणं वाढत गेलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. भावाला झालं म्हणून तुम्हाला होणारच, असं ठरलेलं नसतं. तरी त्यांचा आजार डॉक्टरांना आठवणीने सांगा.

हे व्यसन आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलाच्या मनात ते असणार. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहतात. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं. हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं आणि त्याने जगण्याची घडी विस्कटलेली असावी लागते. तुमचा कट्टा चालू आहे, घरात तुम्ही आहात, पत्र इतकं नीटस लिहिलंय. मला इथे तो विकार दिसत नाही. रात्र जड जाते, ते मात्र दिसतं.

तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, दीड वर्षापूर्वी मंडळी गेली. दुपारचा खेळ हा विरंगुळा आहे. रात्रीचा खेळ अंथरुणावर एकटं पडण्याआधीचा वेळ ढकलायला आहे, असं मला वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या. या खेळाला दिवस संपल्याची खूण नसते, एक ढीग संपला की दुसरा आपोआप समोर येतो. त्यामुळे ‘आज खेळावरून लवकर उठेन’ असं मनाशी म्हणून उपयोग होत नाही. रात्रीच्या जेवणानंतर लॅपटॉप तुमच्या खोलीत ठेवायचाच नाही. चार्जरसकट बाहेरच्या खोलीत, कपाटावर. शेवटचा डाव जेवणाआधी. मग जी वेळ उरेल तिच्यात पहिले काही दिवस जड जातील हे धरून चला. मुलीला सांगा की रोज साडेनऊला फोन कर. तिलाही आई गेलीच आहे, तिलाही बोलायचं असेल. रेडिओ लावा, जुने फोटो वहीत लावायला घ्या, काहीच नको वाटलं तर नुसते पडून राहा. मंडळींच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. दीड वर्ष फार नाही. झोप येईनाशी झाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तशी वेळ येईपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही.

राहिलं ते घरी सांगण्याचं. मुलाला सांगा. १५५२२३ वर फोन झाल्यानंतर सांगा, म्हणजे ‘असं झालं होतं, मी हे केलं, आता लॅपटॉपचं तेवढं बघ’ असं सांगता येईल. सून आणि नातू समोर नसताना, दोघेच असाल तेव्हा. तो चिडला तर चिडू द्या, त्याच्या चिडण्यात काळजीच जास्त असणार. त्याच बोलण्यात कानाच्या तपासणीचंही काढा आणि त्यालाच बरोबर चल म्हणा. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, मी पत्राची वाट पाहीन.

तुमची,
ताई